स्वमग्न बालकांच्या गृहशाळेची पूर्वपीठिका

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी वकिली करणाऱ्या एका गृहस्थाने १९३८ साली आपल्या पाच वर्षांच्या मुलासंबंधी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना एक टंकलिखित पत्र पाठविले. ते ३३ पानांचे होते. मुलगा एकटा असला म्हणजेच संतुष्ट असतो, बाप कचेरीतून घरी आला काय किंवा नातेवाईक दारात उभे राहिले काय, त्याला त्याचे सोयरसुतक नसते, वाटोळ्या वस्तू जमिनीवर गरगर फिरवीत बसण्यात त्याचे तासचे तास जातात, आणि असे असूनही ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरीतील २५ प्रश्न व त्यांची उत्तरे त्याला मुखोद्गत आहेत, असा तपशील त्या वकिलाने एखाद्या खटल्याची कैफियत लिहावी तितक्या दक्षतेने नोंदविला होता. पुढे १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत सांगणारा जो निबंध प्रसिद्ध केला, आणि ज्यामुळे स्वमग्नता ही अवस्था वैद्यकशास्त्राच्या दप्तरी स्वतंत्रपणे रुजू झाली, त्यातील पहिल्या मुलाचे वर्णन बहुतांशी या पत्रावर उभे आहे. आजकाल घरातील एक खोली रिकामी करून, तेथे ठेंगणे मेज व दोन खुर्च्या मांडून, आपल्या स्वमग्न मुलाला आईबाप वर्तनोपचाराच्या पद्धतीने शिकवू लागतात, तेव्हा ती रीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आयती आली असा समज असतो. प्रयोगशाळेचा वाटा त्यात मोठा आहे यात संशय नाही. परंतु या कथेचा आरंभ पाहू गेल्यास तो घरातच सापडतो, आणि मधल्या काळात हे घरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले होते ही गोष्ट विसरल्यास पुढचा सारा इतिहास अनाकलनीय होतो.

त्या वकिलाच्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्यावरून चार वर्षांचाही झालेला नसताना, वातावरण बदलावे म्हणून, एका संस्थेत ठेवण्यात आले होते. तेथे तो अधिकच निश्चल झाला, आणि सुमारे एका वर्षाने आईबापांनी त्याला हट्टाने घरी परत आणले. नंतर १९४२ साली गावापासून दहाएक मैलांवर शेती करणाऱ्या एका दांपत्याकडे त्याची राहण्याची व्यवस्था करण्यात आली. कॅनर यांनी १९४५ साली तेथे प्रत्यक्ष जाऊन जे पाहिले ते मला या सबंध इतिहासातील अत्यंत उद्बोधक प्रकरण वाटते. मुलाला प्रत्येक वस्तू मोजण्याचा अनिवार ध्यास होता. तो ध्यास मोडून काढण्याच्या खटपटीस न लागता त्या दांपत्याने त्याला विहीर खणण्यास लावले आणि ती किती खोल गेली हे मोजून सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. मेलेले पक्षी व किडे गोळा करण्याचा त्याला नाद लागला, तेव्हा शेताचा एक तुकडा त्यांच्या दफनभूमीसाठी नेमून देऊन प्रत्येक थडग्यावर नावाची खूण रोवण्याची त्यांनी त्याला मुभा दिली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजीत राही, तर नांगर हाकता हाकता मोज, असे त्याला सांगण्यात आले. आणि कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने घोडा व नांगर व्यवस्थित सांभाळीत सहा लांबलचक ओळी नांगरून दाखविल्या. मुलाच्या ठायी जी ओढ मुळातच आहे तिलाच कामाशी जोडावे, हे तत्त्व पुढे विद्वानांनी परिभाषेत बांधले. मानसशास्त्राची कोणतीही सनद जवळ नसलेल्या त्या शेतकरी नवराबायकोंनी ते आधीच आचरणात आणले होते. हा मुलगा पुढे पदवीधर झाला आणि आपल्याच गावच्या बँकेत नोकरीस लागला. याउलट त्या ११ मुलांपैकी जी सरकारी मनोरुग्णालयांच्या स्वाधीन झाली त्यांची दशा पाहून कॅनर यांनी १९७१ साली असा अभिप्राय दिला की, त्या इस्पितळांत दाखल होणे म्हणजे जन्मठेपेची शिक्षा होण्यासारखेच होते.

परंतु खुद्द कॅनर यांच्याच लेखणीतून मधल्या काळात एक अन्यायही घडला. १९४९ सालच्या लेखात त्यांनी या मुलांच्या आईबापांच्या ठायी मायेची ऊब नसल्याचे लिहिले, आणि ही मुले जणू शीतकपाटात ठेवली गेली आहेत अशा अर्थाची उपमा वापरली. ती लोकांच्या तोंडी बसली आणि पुढील वीस वर्षे असंख्य मातांच्या कपाळी लागली. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक शाळेचे प्रमुख ब्रुनो बेटलहाइम यांनी तर या मताचे पूर्ण शास्त्रच रचले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या त्यांच्या ग्रंथाला मोठी मान्यता मिळाली, आणि मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे हाच उपचार होय असा दंडक पडला. ज्या मातेने रात्र रात्र जागून मुलाचे आक्रंदन सोसले, तिलाच त्या आक्रंदनाचे मूळ ठरवावे आणि अपराधाची कबुली म्हणून तिच्याकडून मनोविश्लेषणाचे शुल्क वसूल करावे, यापरते क्रौर्य विद्वत्तेच्या नावाखाली क्वचितच झाले असेल.

या फिर्यादीला उत्तर देण्यास एक बापच पुढे सरसावला. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलाच्या सेवेत असलेले मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली त्यांना झालेला मुलगा स्वमग्न निघाला, आणि तोपर्यंत ज्या विषयाशी त्यांचा काडीइतका संबंध नव्हता त्या विषयावरील मिळेल तो निबंध त्यांनी वाचून काढला. १९६४ साली निघालेल्या 'इन्फंटाइल ऑटिझम' या त्यांच्या ग्रंथाने ही अवस्था जैविक स्वरूपाची असून मातेच्या मायेशी तिचा संबंध जोडण्यास कोणताही पुरावा नाही, असे साधार प्रतिपादन केले. विशेष म्हणजे त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. दुसऱ्याच वर्षी रूथ सलिव्हन प्रभृती पालकांना बरोबर घेऊन रिमलँड यांनी स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय संघ स्थापन केला, आणि याच संघाच्या १९६९ सालच्या सभेत वृद्ध कॅनर यांनी उभे राहून आईबापांची जाहीरपणे निर्दोष मुक्तता केली. न्यायनिवाडा झाला खरा. पण वीस वर्षे मुलांचे शिक्षण ज्या कारणाने अडून राहिले होते त्याची भरपाई कोण करणार होते?

इकडे वर्तनवादाची शाखा निराळ्याच दिशेने वाढत होती. प्राण्याच्या एखाद्या कृतीनंतर लगेच काही इष्ट फल मिळाले तर ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, या प्रबलनाच्या सिद्धांताची मांडणी बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे केली होती. म्हणजे मिसिसिपीचे ते पत्र व ही मांडणी एकाच वर्षीची. १९६० च्या सुमारास चार्ल्स फर्स्टर व मॅरियन डिमायर यांनी इंडियानापोलिस येथे स्वमग्न मुलेही या नियमाला अनुसरून शिकू शकतात हे यंत्रांच्या साहाय्याने दाखविले. परंतु प्रयोगशाळेची भिंत ओलांडून हा विचार मुलाच्या आयुष्यात कसा उतरला, हे पाहावयाचे तर वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी रुग्णालयातील साडेतीन वर्षांच्या मुलाची कथा पाहावी लागते. १९६४ साली माँट्रोज वुल्फ, टॉड रिझली आणि हेडन मीस यांनी ती प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या निबंधात त्या मुलाला डिकी असे म्हटले आहे.

डिकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रिया करून नेत्रभिंगे काढून टाकण्यात आली होती. आता त्याने चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाण्याची भीती होती. पण चष्मा डोळ्यांजवळ नेला की तो आकांत करी, डोके आपटी, स्वतःला ओरबाडी. रात्री आईबापांपैकी कोणी जवळ नसले तर झोपत नसे. वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी प्रथम काचा नसलेली रिकामी चौकट त्याच्या आसपास ठेवली. तिला हात लावला की खाऊचा एक घास, उचलली की घास, डोळ्यांच्या दिशेने नेली की घास, अशा क्रमाने ते पुढे गेले. अडचणी आल्या, घासाची लालूच अपुरी पडू लागली, तेव्हा भुकेच्या वेळी हा पाठ घेण्यात येऊ लागला, चष्म्याची बांधणी बदलण्यात आली, आणि अखेर डिकी दिवसाचे अनेक तास चष्मा लावून वावरू लागला. आकांत सुरू झाला की त्याला स्वतःच्या खोलीत नेऊन दार लावावयाचे व शांत होताच ते उघडावयाचे, असा नियम परिचारिकांनी पाळला. परंतु माझ्या मते या प्रयोगाचे खरे महत्त्व याच्या पुढील भागात आहे. आईबापांना आधी लहानशा भेटींसाठी बोलावून, परिचारक काय करतात ते दाखवून, मग त्यांच्याकडून ते करवून घेण्यात आले. नंतर एक परिचारक मुलाबरोबर त्यांच्या घरी गेला. आणि तेथे झोपेची, जेवणाची, आकांताची सारी व्यवस्था आईबापांच्या हाती देण्यात आली. मूल कायमचे घरी परतल्यावर सहा महिन्यांनी आईने कळविले की तो चष्मा लावतो, त्याचे आकांत थांबले आहेत, तो झोपतो आणि अधिकाधिक बोलू लागला आहे. रुग्णालयात मिळविलेले घरी टिकवावयाचे असेल तर घरच्यांना त्या कलेत वाकबगार केले पाहिजे, हे या हकिकतीवरून दिसले होते. मात्र त्याचे पूर्ण महत्त्व कळण्यास आणखी नऊ वर्षे जावी लागली.

ते महत्त्व ज्यांच्या प्रयोगांतून कळले ते इव्हार लोवास नॉर्वेत १९२७ साली जन्मले, नाझी अंमलाखालील कष्टाची वर्षे त्यांनी तरुणपणी भोगली, व्हायोलिनवादनाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत आले आणि १९६१ पासून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करू लागले. आरंभीची त्यांची मुले मोठी व बहुधा मूक होती. स्वतःला दुखापत करून घेण्याची सवय काहींना जडली होती. अशा मुलांवर लोवास यांनी १९६० च्या दशकात विजेचे झटके वापरले, चापट मारली, दरडावले. १९६५ साली 'लाइफ' या साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली, तेव्हा ती पाहून अनेकांच्या अंगावर काटा आला. आपले डोके भिंतीवर आपटून हाड मोडून घेणाऱ्या मुलाला पलंगाला बांधून ठेवणे हा त्या काळी इस्पितळांपुढील एकमेव पर्याय होता, हे समर्थन मी वाचले आहे आणि त्यातील अगतिकता मला समजते. तरीही मुलाला विजेचा झटका देणारा हात हा शिकविणारा हात होऊ शकत नाही, हे माझे मत त्याने बदलत नाही. या उपचाराच्या इतिहासात ही पाने आहेत आणि ती कोणत्याही पालकापासून लपविता कामा नयेत.

१९७३ साली लोवास, रॉबर्ट कोगेल व अन्य दोघांनी २० मुलांचा पुढील वृत्तांत प्रसिद्ध केला. उपचारांच्या काळात सर्व मुलांत सुधारणा दिसली होती. कोणी बोलू लागले होते, कोणी खेळू लागले होते. एक ते चार वर्षांनंतर पाहणी केली तेव्हा जी मुले संस्थेत परत पाठविली गेली होती त्यांचे कमावलेले सारे गेले होते, आणि ज्यांच्या आईबापांना पद्धती शिकवून ठेवली होती त्यांनी ते राखले होते, किंबहुना वाढविले होते. एखाद्या शास्त्रज्ञाला आपल्या श्रमांचे असे विसर्जन पाहणे किती यातनामय झाले असेल! पण त्यातून लोवास यांनी तीन निष्कर्ष काढले: आरंभ अगदी लहान वयात करावा, तो मुलाच्या स्वतःच्या घरी करावा, आणि जागेपणाचा शक्य तितका काळ त्यात घालावा. १९७० मध्ये त्यांनी बालकांसाठी जो प्रकल्प हाती घेतला होता त्याचा हाच कणा ठरला, आणि १९८१ साली पालकांच्या हाती देता येईल असे पाठांचे पुस्तकही त्यांनी काढले.

१९८७ साली या प्रकल्पाचे फलित जाहीर झाले. चार वर्षांखालील १९ मुलांना दोन वा अधिक वर्षे आठवड्यास सुमारे ४० तास, मुख्यतः घरी, विद्यापीठातील शिकविलेल्या विद्यार्थ्यांकडून व आईबापांकडून एकास एक शिक्षण देण्यात आले. त्यांपैकी ९ मुले कोणत्याही विशेष साहाय्याविना सामान्य शाळेची पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली आणि त्यांचे बुद्धिमापन सर्वसाधारण मर्यादेत आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४० मुलांत असे एकच निघाले. १९९३ सालच्या पाहणीत त्या ९ पैकी ८ मुलांची प्रगती टिकून असल्याचे नमूद झाले. हे आकडे वाऱ्यासारखे पसरले. त्यांतील उणिवा मात्र सावकाश लक्षात आल्या: मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, शिकविणारे किती उपलब्ध आहेत यावर ती ठरली होती, दरडावणे व मांडीवर चापट यांचाही त्या प्रकल्पात समावेश होता. २००० साली ट्रिस्ट्रम स्मिथ व सहकाऱ्यांनी २८ मुलांची यादृच्छिक वाटणी करून तीच पद्धती चापटीविना तपासली तेव्हा लाभ स्पष्ट दिसला, परंतु तो १९८७ इतका डोळे दिपविणारा नव्हता. माझी समजूत अशी आहे की, शास्त्राच्या दृष्टीने १९ पैकी ९, म्हणजे ४७ टक्के, हा आकडा जेवढा महत्त्वाचा होता त्याहून कितीतरी अधिक तो पालकांच्या मनाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. कारण तोपर्यंत त्यांना कोणीही कसलाही आकडा दिलाच नव्हता.

या बातमीला घराघरांत नेणारे पुस्तक १९९३ साली आले. कॅथरीन मॉरिस असे टोपणनाव घेतलेल्या न्यूयॉर्कच्या एका मातेने आपल्या दोन स्वमग्न मुलांना घरी शिकविल्याची कथा 'लेट मी हिअर युअर व्हॉइस' या नावाने लिहिली. त्याआधी १९६७ साली क्लारा क्लेबोर्न पार्क या मातेने 'द सीज' या ग्रंथात आपल्या मुलीबरोबर घरी केलेल्या धीरोदात्त प्रयत्नांचे चित्रण केलेच होते, आणि वाङ्मय म्हणून मला तेच अधिक थोर वाटते. परंतु पार्क यांचा मार्ग त्यांचा त्यांनाच चालता येण्याजोगा होता, तर मॉरिस यांचे पुस्तक मिटल्यावर वाचणारी माता उद्यापासून काय करावयाचे हे विचारू शके. १९९६ साली मॉरिस यांनीच जीना ग्रीन व स्टीफन लूस यांच्या सहकार्याने पाठांची सविस्तर मार्गदर्शिका काढली, आणि मग अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथील असंख्य घरांत हे कार्य सुरू झाले.

ते सुरू कसे होई, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढच्या पिढीस त्यातील खटाटोपाची कल्पनाही राहणार नाही. निदान होऊन काही आठवडे लोटलेले असत. सरकारी दवाखान्याने वाट पाहण्यास सांगितलेले असे. आणि अनुभवी तज्ज्ञ शेकडो मैल दूर. मग आईबाप जवळच्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या विभागापुढे सूचना लावीत: लहान मुलास शिकविण्यासाठी धीर व उत्साह असणारे विद्यार्थी पाहिजेत, अनुभवाची अट नाही. तीनचार तरुण मुली मिळत. ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ येऊन दोनतीन दिवस त्याच घरात कार्यशाळा घेई, आणि मग दर काही महिन्यांनी पुन्हा येई. मधल्या काळात सारी भिस्त आईवर. निजण्याच्या खोलीचा कोपरा वर्गासाठी मोकळा होई. मेज, दोन खुर्च्या, चित्रांचे पत्ते, ठोकळे, आणि मुलाला जे जे आवडते त्याची एक पेटी: बिस्किटाचे तुकडे, साबणाचे फुगे, भोवरा, गुदगुल्या, उंच उचलून फिरविणे. प्रत्येक पाठ लहान लहान तुकड्यांत मोडलेला. शिकविणारी एकच स्पष्ट सूचना देई. मूल चुकत असेल तर हात धरून ते करवून घेई. होताच बक्षीस व कौतुक. क्षणभर थांबून पुन्हा आरंभ. पहिल्या महिन्यात खुर्चीवर येऊन बसणे, टाळ्या वाजविणे किंवा ठोकळा भांड्यात टाकणे यांसारख्या कृतींचे अनुकरण, सारख्या वस्तू जुळविणे, दोनतीन साध्या आज्ञा पाळणे, इतकेच. प्रत्येक उत्तराची नोंद जाड वहीत होई, आणि आठवड्याच्या बैठकीत सर्व मंडळी ती वही पुढे ठेवून कोणता पाठ पक्का झाला, कोठे मूल अडले, कोण नकळत मदत करते याची चर्चा करीत. मेजापाशी शिकलेला 'पाणी' हा शब्द स्वयंपाकघरात, अंगणात, आजीजवळही निघतो की नाही हे पाहणे हा पुढचा टप्पा, आणि अनुभवी मंडळींच्या मते सर्वांत कठीण.

यात मुलाखेरीज इतरांनाही बरेच शिकावे लागे. मागितल्यावाचून सारे हातात देण्याची आईची सवय सुटे. रडण्याला शरण जाण्याची बापाची सवय सुटे. आणि धाकट्या-थोरल्या भावंडांना मात्र परक्यांनी भरलेल्या घरात आपली जागा शोधावी लागे. खर्च डोईजड होता. अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात १९९० साली स्वमग्नतेचा नामनिर्देश झाला होता, त्याचा आधार घेऊन पालकांनी शाळाखात्यांकडे अर्ज केले, नकार मिळाल्यावर सुनावण्या मागितल्या, आणि वहीतील त्या नोंदीच दाखल केल्या. कॅनडात हा मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ साली पालक हरले. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आठवड्यास किमान २५ तासांच्या सक्रिय शिक्षणाची शिफारस केली. २००५ साली विस्कॉन्सिन येथून आलेल्या एका अभ्यासात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाललेल्या मुलांइतकीच प्रगती आईबापांनी स्वतः चालविलेल्या गटातील मुलांची झाली, असे आढळले. संशोधकांना त्याचे आश्चर्य वाटले, पण ज्यांनी मिसिसिपीच्या शेतातील ती हकीकत वाचली आहे त्यांना ते वाटू नये.

तथापि हा सारा काळ एक पक्षकार न्यायासनापुढे आलाच नव्हता, तो म्हणजे प्रत्यक्ष ती मुले. ती मोठी झाली आणि बोलू लागली. १९९३ साली, म्हणजे मॉरिस यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, टोरोंटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून सांगितले की, तुम्ही ज्या मुलाचा शोक करता ते कधी जन्मालाच आले नव्हते. जे आले आहे त्याला तुमची गरज आहे. कॅनडाच्या त्या खटल्यात मिशेल डॉसन या स्वमग्न स्त्रीने न्यायालयापुढे स्वतंत्रपणे बाजू मांडली, आणि वर्तनोपचारकांनी नीतीचे जे मापदंड अन्य रुग्णांना लावले ते स्वमग्नांना लावले नाहीत असा निबंध २००४ सालीच लिहिला. सामान्य मुलांपासून ओळखू येऊ नये हे ध्येय कोणाच्या सुखासाठी? हात फडफडविणारे मूल जर त्याने शांत होत असेल तर ते बंद करण्यात कोणाचे हित? हे प्रश्न कडू असले तरी रास्त आहेत, आणि ज्यांनी ते उपस्थित केले त्यांचे बालपण त्या खुर्च्यांवर गेलेले असू शकते, हे ध्यानात ठेवून ते ऐकले पाहिजेत. त्यांचा परिणामही झाला. मेजावरून पाठ जमिनीवर, खेळात, न्हाणीघरात, अंगणात उतरले. कोगेल यांनी मुलाच्या निवडीपासून आरंभ करणारी पद्धती विकसित केली. सॅली रॉजर्स व जेराल्डिन डॉसन यांनी खेळ व नाते यांवर आधारलेला कार्यक्रम रचला. मोजणाऱ्या मुलाला विहीर खणावयास देणाऱ्या त्या दांपत्याकडेच शास्त्र फिरून येऊन पोचले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या देशात या विषयाची राजदरबारी दखल फार उशिरा घेतली गेली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारांची गणना होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती प्रथम आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या सूचीत तिला पूर्ण स्थान मिळाले. इकडे 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचा काका नाही का पाचव्या वर्षी बोलला' या घरोघरच्या दिलाशाने निदानाची वर्षे गेली, आणि निदान झाल्यावर आईचेच काहीतरी चुकले, तिने नोकरी केली, तिने मुलाला वेळ दिला नाही, हा आरोप सासरमाहेरातून तिच्या पदरी आला. बेटलहाइम यांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी त्यांचाच निवाडा उच्चारला. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ या मातेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ॲक्शन फॉर ऑटिझम या संस्थेने दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या आईबापांना मुलासह ठेवून घेऊन शिकविण्याची प्रथा पाडली. कारण शिकविणाऱ्यांची फौज घरी बोलाविणे ज्यांना परवडणार नाही त्यांना स्वतःलाच शिक्षक व्हावे लागते, हे येथील वास्तव होते. ४० तासांचा दंडक आपल्या मध्यमवर्गीय घरांतही छातीत धडकी भरवितो. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तेथे तो उच्चारणेही व्यर्थ. परंतु त्याच घरात आजी आहे, काकू आहे, शेजारची मुले आहेत, दिवसातून दहा वेळा पाणी मागण्याचा, चप्पल आणण्याचा, ताट मांडण्याचा प्रसंग आहे. शिकवावयाचे कसे हे एकदा समजले तर अशा घराच्या ठिकाणी संधीचा दुष्काळ नाही.

ते समजावून सांगणारा माणूस कोण असावा, याविषयी एक मोलाचा प्रयोग आपल्या शेजारीच, गोव्यात झाला. तेथील संगत ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी मँचेस्टरच्या तज्ज्ञांच्या मदतीने, आईबापांमार्फत करावयाच्या उपचाराची दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर यादृच्छिक पद्धतीने परीक्षा घेतली, आणि तिचे फलित २०१६ साली प्रसिद्ध झाले. ही पद्धती वर्तनोपचाराच्या कुळातील नव्हे. बक्षिसांचे पाठ तीत नाहीत. आई व मूल खेळत असतानाची चित्रफीत काढावयाची आणि नंतर ती आईबरोबर बसून पाहावयाची, मूल कोठे प्रतिसाद देते, आई कोठे त्याच्या आधीच बोलून जाते, हे तिचे तिलाच दिसू द्यावयाचे, असे सहा महिन्यांत १२ प्रसंग. पण हे काम करणारे तज्ज्ञ नव्हते. थोड्या काळात तयार केलेले आरोग्यसेवक होते. आईबापांचे मुलाशी जुळवून घेणे वाढले, मुलांनी आपण होऊन संवाद आरंभिण्याचे प्रमाण वाढले. उभयतांनी एकाच वस्तूत मिळून रमण्याचा काळ मात्र घटला, आणि तेही संशोधकांनी नमूद केले. १९८७ च्या आकड्यासारखे हे फलित कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. परंतु राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सत्वर उपचार केंद्रे उभारण्याची तरतूद झालेली असताना, आणि त्या केंद्रांपर्यंत मूल नेण्यास एक दिवसाची मजुरी बुडवावी लागत असताना, गोव्याच्या धर्तीवर शिकविलेले सेवक त्या केंद्रांतून तालुक्याच्या गावी, तेथून वाडीवर, मुलाच्या ओसरीपर्यंत पाठविण्यास कोणत्या खात्याची मंजुरी अडून राहिली आहे, असा प्रश्न महाराष्ट्रातील आईबापांनी आता लेखी अर्जानिशी विचारावा.